कम्युनिटी रेडिओवर मुंबईचं पाच मिनिटांचं स्थानिक बुलेटिन: काय चालतं, कसं लिहायचं, कुठे फसतं

प्रश्न थोडक्यात असा: मुंबईच्या पूर्व उपनगरांत एका शिक्षणसंस्थेचा कम्युनिटी रेडिओ, म्हणजे आसपासच्या वस्त्यांसाठीचं छोटं एफएम केंद्र, आहे. पाच-सहा स्वयंसेवक आहेत. रोज सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटांच्या स्थानिक बातम्या द्यायच्या आहेत. असं करता येतं का, आणि येत असेल तर सुरुवात कुठून करायची?

आधी परवानगीचं बघू. स्वतः गोळा केलेल्या बातम्या आणि चालू घडामोडींवरची चर्चा तुम्हाला प्रसारित करता येत नाही. खासगी एफएमलाही येत नाही. रेडिओवर स्वतःच्या बातम्या देण्याचा अधिकार आपल्याकडे फक्त आकाशवाणीला आहे. प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं. २००१ मध्ये बंगळूरुत पहिलं खासगी एफएम सुरू झालं, पुढच्याच वर्षी मुंबईतही आलं, तरी बातम्यांचं दार काही उघडलं नाही. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, सप्टेंबर २०२३ मध्ये खासगी एफएमना तासाला दहा मिनिटं बातम्या देऊ द्याव्यात अशी शिफारस केली. ती शिफारस आहे, परवानगी नाही, शिवाय ती खासगी वाहिन्यांसाठी आहे. केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाशी झालेल्या तुमच्या करारातलं कलम जोवर बदलत नाही, तोवर दार बंदच आहे असं धरून चाला.

मग दोन वाटा उरतात. पहिली, आकाशवाणीच्या बातम्या. कम्युनिटी रेडिओला त्या जशाच्या तशा किंवा स्थानिक भाषेत भाषांतर करून देता येतात. भाषांतर इमानदार असल्याची जबाबदारी तुमची. म्हणजे कात्री लावायची नाही, मसाला घालायचा नाही, मध्ये निवेदकाची मल्लिनाथी नको.

दुसरी वाट जास्त कामाची आहे. काही विषय सरकारी धोरणातच 'बातम्या नव्हेत' असे मानले आहेत: वाहतूक, हवामान, स्थानिक खेळ, सांस्कृतिक कार्यक्रम, सण, परीक्षा आणि निकाल, प्रवेश, करिअर मार्गदर्शन, नोकरीच्या संधी, आणि स्थानिक प्रशासनाने दिलेल्या वीज, पाणी, नैसर्गिक आपत्ती व आरोग्याविषयीच्या सूचना. ही यादी बहुतेक जण कुरकुरत वाचतात. पण सकाळी सातला घर सोडणाऱ्या माणसाला जे ऐकायचं असतं, त्यातलं जवळपास सगळं या यादीत बसतं. नळ कधी जाणार, गाडी कुठे थांबणार नाही, पाऊस किती, अर्ज भरायची शेवटची तारीख कोणती. मंत्र्यांचं भाषण त्याला इतर दहा ठिकाणी मिळतं.

सीमारेषा कुठे आहे ते एका उदाहरणावरून कळेल. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये वाहतुकीला बंद झाला. 'पूल बंद आहे, पूर्वेकडून पश्चिमेला जायचं तर या रस्त्याने वळा' हे तुम्ही रोज दहा वेळा सांगू शकता. पुढे नव्या पुलाची आणि शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाची उंची जुळली नाही, यात चूक कोणाची, हा कार्यक्रम मात्र तुमचा नाही. नगरसेवकाची प्रतिक्रियाही नाही. नियम सोपा ठेवा: ऐकून माणूस काहीतरी करू शकतो का? पाणी भरू शकतो, रस्ता बदलू शकतो, अर्ज करू शकतो? तर घ्या. ऐकून फक्त मत बनत असेल, तर सोडा. बुलेटिनच्या नावातही 'बातम्या' किंवा 'न्यूज' नको. आत सगळं नियमात असून केवळ नावापायी पत्रव्यवहार ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

'स्थानिक प्रशासनाने दिलेल्या' हे शब्द हलके घेऊ नका. प्रत्येक सूचनेमागे महापालिका, रेल्वे, वाहतूक पोलीस, हवामान खातं किंवा वीज कंपनीचं लेखी काहीतरी हवं: प्रसिद्धीपत्रक, अधिकृत समाजमाध्यम खात्यावरची पोस्ट, ईमेल. व्हॉट्सॲपवर फिरणारा 'उद्या शाळांना सुट्टी' हा फोटो म्हणजे लेखी पुरावा नव्हे. दर पावसाळ्यात गेल्या वर्षीचंच पत्र तारखेवर अंगठा ठेवून काढल्यासारखं पुन्हा फिरतं. आपत्तीबद्दल खोटा इशारा पसरवून घबराट निर्माण करणं हा आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५४ खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. महापालिकेचा १९१६ हा क्रमांक नागरिकांसाठी आहे, खातरजमेसाठी तुम्ही त्यावर अवलंबून राहू नका. वॉर्ड कार्यालयातल्या जल खात्याचा आणि जनसंपर्क विभागाचा थेट नंबर मिळवा, आणि तो पावसाळ्याआधी मिळवा.

आता लिहिण्याचं. खरं काम इथेच आहे आणि बहुतेक ठिकाणी इथेच पाट्या टाकल्या जातात. प्रसिद्धीपत्रक डोळ्यांसाठी लिहिलेलं असतं, तेच माइकसमोर वाचलं की ऐकणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. नमुना म्हणून असं पत्रक घ्या:

'एल विभाग कार्यक्षेत्रातील जलवाहिनीच्या दुरुस्तीचे काम हाती घेण्यात येणार असल्याने बुधवार सकाळी १० ते गुरुवार सकाळी १० वाजेपर्यंत सदर विभागातील खालील परिसराचा पाणीपुरवठा पूर्णतः खंडित राहील. तरी नागरिकांनी पाण्याचा आवश्यक साठा करून सहकार्य करावे.'

'एल विभाग' ऐकून कुर्ल्यातला माणूसही कान टवकारत नाही. त्याला कुर्ला, जरीमरी, काजूपाडा, बैलबाजार ही नावं कळतात. एन म्हणजे घाटकोपर, एस म्हणजे भांडुप-विक्रोळी-कांजूर, एम पूर्व म्हणजे गोवंडी-मानखुर्द-देवनार, एम पश्चिम म्हणजे चेंबूर. असा तक्ता भिंतीवर लावा आणि प्रत्येक वॉर्डाखाली वस्त्यांची नावं लिहा. 'खालील परिसर' रेडिओवर कुठे दिसणार? 'सदर', 'तरी', 'हाती घेण्यात येणार असल्याने' हे सगळं काढून टाका. कारण शेवटी सांगा, एका वाक्यात. कोणासाठी आहे ते पहिल्या तीन शब्दांत आलं पाहिजे, म्हणजे ज्याचं आहे तो कान देतो आणि बाकीचे पोळी लाटत राहतात.

एवढं करूनही मोठी गफलत राहून जाते. मुंबईत बहुतेक वस्त्यांना पाणी चोवीस तास नसतं, ठरलेल्या वेळेला असतं. ज्या चाळीत पाणी पहाटे चार ते सहा येतं, तिला बुधवार पहाटेचं पाणी मिळणार आणि गुरुवार पहाटेचं मिळणार नाही. म्हणजे भरून ठेवायची शेवटची संधी बुधवारी पहाटे. ही सूचना बुधवारी सकाळी आठच्या बुलेटिनमध्ये दिली तर ती अचूक असते आणि निरुपयोगी असते. ती मंगळवारी संध्याकाळीच जायला हवी, आणि अशी:

'कुर्ला पश्चिम. जरीमरी, काजूपाडा आणि बैलबाजारमधल्या रहिवाशांसाठी. उद्या, बुधवारी सकाळी दहापासून गुरुवारी सकाळी दहापर्यंत तुमचे नळ बंद राहतील. पाणी पहाटे येत असेल तर उद्या, बुधवारी पहाटेच भरून ठेवा, गुरुवारी पहाटे नळ कोरडे असतील. कारण जलवाहिनीची दुरुस्ती. पुरवठा सुरू झाल्यावर पाणी गढूळ दिसलं तर गाळून, उकळून प्या. ही सूचना मुंबई महापालिकेची आहे. पुन्हा एकदा: जरीमरी, काजूपाडा, बैलबाजार, बुधवारी सकाळी दहापासून चोवीस तास पाणी बंद.'

हे सुमारे साठ-पासष्ट शब्द आहेत, वाचायला पस्तीस-चाळीस सेकंद लागतात. 'पाणी येणार नाही' असं न म्हणता 'बंद राहतील', 'कोरडे असतील' म्हटलंय ते मुद्दाम. मराठीत नकार वाक्याच्या टोकाला येतो. कुकरची शिट्टी झाली, रिक्षा भुर्रकन गेली, की 'नाही' तेवढा गळतो आणि 'गुरुवारी पाणी येणार' एवढंच कानात राहतं. नकार क्रियापदाच्या अर्थातच बसवा: बंद, रद्द, कोरडा, उशिरा.

'उद्या' एकटा कधीच वापरू नका. संध्याकाळचं रेकॉर्डिंग सकाळी पुन्हा लागतं आणि सगळं एक दिवस पुढे सरकतं. 'उद्या, बुधवारी' असं वार जोडून लिहिलं की ऐकणाऱ्याला निदान शंका येते. मात्र सकाळी पुन्हा लावायचं असेल तर ते रेकॉर्डिंग नवं करा, पाच मिनिटांसाठी आळस नको. 'रात्री बारा' हेही असंच घातकी: शनिवारी रात्री बारा म्हणजे शनिवार संपताना की सुरू होताना? 'शनिवारी मध्यरात्रीनंतर, म्हणजे रविवार उजाडण्याआधी' असं लांबण लावा, चालेल.

आकड्यांबाबत दोन गोष्टी. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी, पंचावन्न आणि पंच्याण्णव हे वाचताना हमखास अडखळायला होतं आणि ऐकताना हमखास गोंधळ होतो. संहितेत असे आकडे अक्षरांत लिहा. जिथे नेमकेपणा लागत नाही तिथे गोल करा. धरणांचं उदाहरण घ्या. मुंबईला पाणी देणारी सात धरणं-तलाव: अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. सगळी भरली की साठा १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर. हा आकडा रोज हवेत सोडून काय मिळणार? 'साठा बहात्तर टक्के, गेल्या वर्षी याच दिवशी पंचाऐंशी होता' एवढं वाक्य पुरतं. तलावांची नोंद सकाळी सहाची असते, तेवढा उल्लेख करा.

पावसाच्या आकड्यांत फसायला जास्त वाव आहे. हवामान खात्याचा चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठ ते साडेआठ असा मोजला जातो. तुमचं बुलेटिन आठला असेल तर आजचा आकडा अजून यायचाच आहे. महापालिकेची स्वतःची पर्जन्यमापकं आहेत, त्यांच्या नोंदीची वेळ वेगळी असते. दोन्हीकडचे आकडे एकाच वाक्यात ठेवून तुलना करू नका. नोंद कोणाची आणि कुठपासून कुठपर्यंतची, हे दोन्ही सांगा. आणि 'मुंबईत इतका पाऊस' असं तर म्हणूच नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, कुलाब्याला ७५ मिलिमीटरसुद्धा नव्हता. कुलाबा, सांताक्रूझ असं नाव घेऊनच बोला. 'मुसळधार', 'धुवाधार' ही विशेषणं आवडीप्रमाणे वाटायची नसतात. हवामान खात्याच्या वर्गवारीत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार पाऊस. यलो, ऑरेंज, रेड हे इशारे ज्या जिल्ह्यासाठी आणि ज्या दिवसासाठी आहेत तेच नाव, तोच वार. पालघरचा रेड अलर्ट मुंबईला चिकटवणं हा दरवर्षीचा घोळ आहे.

भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालच्या संहितेतली वेळ आज चालत नाही. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले तर पाण्याचा समुद्राकडे निचरा होत नाही आणि हिंदमाता, गांधी मार्केट, अंधेरी सबवे, मिलन सबवे ही नावं पुन्हा वाचावी लागतात. म्हणून पावसाळ्यात भरतीची वेळ आणि उंची दोन्ही द्या, बाकीच्या महिन्यांत वगळा.

रेल्वेचा रविवारचा मेगाब्लॉक हा तुमच्या भागासाठी आठवड्यातला सगळ्यात ऐकला जाणारा मजकूर ठरेल, मात्र तो नीट उलगडला तर. पत्रकात असतं, 'माटुंगा ते मुलुंड अप आणि डाउन धिम्या मार्गावर ब्लॉक, धिम्या गाड्या जलद मार्गावर वळवण्यात येतील.' अप म्हणजे मुंबईकडे, डाउन म्हणजे मुंबईपासून दूर, हे निम्म्या प्रवाशांना उलटं वाटतं. 'ठाण्याकडे जाणाऱ्या', 'सीएसएमटीकडे येणाऱ्या' असं म्हणा. आणि मार्ग बदलल्याचं प्रवाशाला सोयरसुतक नसतं. विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूरला गाडी थांबत नाही, हे त्याला हवं असतं. वाक्याची सुरुवात त्या तीन नावांनी करा, मग 'घाटकोपर, विक्रोळी, भांडुप किंवा मुलुंड गाठा' हे सांगा. थांब्यांची यादी त्या आठवड्याच्या पत्रकातूनच घ्या, आठवणीतून नको.

विजेबाबत एक लक्षात असू द्या: शहर भागात बेस्ट, उपनगरांत मुख्यतः अदानी आणि टाटा, पण भांडुप-मुलुंडला महावितरण. 'भांडुपमध्ये वीजपुरवठा खंडित' या सूचनेत कंपनीचं नाव नसेल तर ती अर्धवट आहे.

पाच मिनिटांचा हिशेब असा. बातम्यांच्या संथ लयीत मराठी मिनिटाला शंभर ते एकशेदहा शब्द होतात. आपले शब्द प्रत्यय लागून लांब होतात, हिंदी-इंग्रजीचे आकडे इथे लावू नका. सुरुवातीची धून आठ-दहा सेकंद, ठळक मुद्दे पंचवीस, शेवटी त्यांचीच पुनरावृत्ती वीस, निरोप पाच. उरलेल्या चार मिनिटांत चारशे-सव्वाचारशे शब्द, म्हणजे सात ते नऊ बाबी. त्याहून जास्त कोंबल्या तर निवेदक धावतो आणि वस्त्यांची नावं चिरडली जातात. पन्नास-साठ शब्दांच्या दोन जादा बाबी लिहून ठेवा: ग्रंथालयाची वेळ, लसीकरणाचं सत्र, असं काहीही जे आज नाही वाचलं तरी बिघडत नाही. वेळ उरली तर कामी येतात.

आकाशवाणीच्या वृत्त विभागांत जुनी रीत आहे: एका कागदावर एकच बाब. ती उचला. क्रम ऐनवेळी बदलता येतो, शेवटच्या मिनिटाला आलेली सूचना मध्ये सरकवता येते, वेळ संपत आली तर एक कागद बाजूला ठेवता येतो. कागद एकाच बाजूला, मोठ्या अक्षरात. वाक्य पानाच्या शेवटी तोडू नका. टाचण्या, स्टेपल नको, उलटताना आवाज येतो, नुसतं सरकवायचं. मोबाईलच्या पडद्यावरून वाचायचा मोह टाळा. मध्येच कोणाचा फोन आला की संपलं. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात स्रोत, मिळाल्याची वेळ आणि तपासणाऱ्याची सही.

आवाजाचं तंत्र फार अवघड नाही. माइकपासून एक वीत अंतर, तोंडासमोर थेट न ठेवता किंचित तिरका, म्हणजे 'फ', 'भ' फुटत नाहीत. रेकॉर्डिंग मोनो, सर्वोच्च पातळी उणे ६ डेसिबलच्या आत. 'स' आणि 'श' सिसकारल्यासारखे ऐकू येत असतील तर दोष बहुधा निवेदकाच्या दातांचा नसतो. एफएममध्ये उंच पट्टीचे स्वर प्रक्षेपणाआधी मुद्दाम वाढवले जातात, भारतात ५० मायक्रोसेकंदांचं प्रीएम्फसिस असतं. स्टुडिओत ठीक वाटणारा 'स' तिथे मर्यादेबाहेर जातो आणि फाटतो. प्रोसेसरमधला डीएसर, म्हणजे 'स'चा सिसकार दाबणारी सोय, लावा, ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात तीन-चार डेसिबल दाबा, आणि निकाल स्टुडिओच्या हेडफोनवर न बघता दोन-तीनशे रुपयांच्या रेडिओवर ऐकून ठरवा. ऐकणारा त्यावरच ऐकतो.

वीज गेली तर काय, याचा हिशेब कागदावर मांडा. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई आणि परिसराची वीज सकाळी गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. अशा दिवशीच तुमचं केंद्र चालू हवं. ५० वॅटचा ट्रान्समीटर भिंतीतून साधारण दीडशे वॅट ओढतो. संगणक, मिक्सर आणि राउटर धरून एकूण चारशे वॅट पकडा. चार तास चालवायचं तर १६०० वॅट-तास. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीत कागदावर १८०० असतात, पण इन्व्हर्टरची घट आणि बॅटरी पूर्ण न उतरवण्याचं पथ्य धरलं तर बाराशेच्या आसपास हाती लागतात. म्हणून दोन बॅटऱ्या. राउटर विसरायचं नाही. पत्रकं त्यावरूनच येणार.

गच्चीवरचं काम मे महिन्यात उरका. कम्युनिटी रेडिओची प्रभावी शक्ती, म्हणजे अँटेनातून पसरणारी, १०० वॅट आणि अँटेनाची उंची साधारण ३० मीटर, त्यामुळे वाया घालवायला काही नसतं. खाऱ्या हवेने कनेक्टर गंजतात, पहिल्या पावसात केबलच्या तोंडातून पाणी आत जातं, परावर्तित पॉवर, म्हणजे अँटेनाकडून परत येणारी शक्ती, वाढते आणि ट्रान्समीटर स्वतःला वाचवण्यासाठी शक्ती कमी करतो. केंद्र चालू दिसतं, पण दोन किलोमीटरवर आवाज नाहीसा होतो. ५० वॅट पुढे जात असताना २ वॅट परत येत असतील तर व्हीएसडब्ल्यूआर (पुढे जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या शक्तीवरून काढलेला आकडा) १.५, इथवर ठीक, त्यापुढे गच्चीवर चढा. जोडावर आधी आपोआप चिकटणारी रबरी टेप, वरून पीव्हीसी टेप, खालून वर गुंडाळत जायचं. ट्रान्समीटरच्या खोलीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, पाणी तिथून गळून जातं. तडितरक्षकाचं अर्थिंगही याच फेरीत तपासून घ्या.

प्रसारित झालेलं सगळं तीन महिने जपून ठेवणं तुमच्या करारात आहे. रेकॉर्डिंगच्या फाइलला तारीख आणि वेळेचं नाव द्या आणि त्या दिवशीचे कागद त्याच क्रमाने एका पाकिटात. चूक निघाली तर त्याच वेळेच्या पुढच्या बुलेटिनमध्ये, सुरुवातीलाच दुरुस्ती द्या. आधी बरोबर माहिती, मग 'काल आम्ही वेगळी वेळ सांगितली होती' एवढंच. चुकलेली वेळ पुन्हा उच्चारू नका, अर्ध्या लोकांच्या लक्षात तीच राहते.